परातीतलं घर

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास दुबईच्या अल मनखूलमधल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चपला-बुटांचा एवढा ढीग पडायचा, की नवख्याला वाटावं आत लग्न लागतंय. लग्न नव्हतं. मनोरमावहिनींच्या हॉलमध्ये जलदर्शनबाबा बसायचे. सोफे बाल्कनीत गेले होते, टीव्हीवर लाल कापड पडलं होतं, एसी अठरावर होता, आणि चाळीस-पन्नास माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसून मधोमध ठेवलेल्या एका मोठ्या पितळी परातीकडे टक लावून बघत होती. त्यात बँकेतले साहेब होते, बांधकाम कंपन्यांतले इंजिनियर होते, रत्नागिरी-रायगडकडची मुसलमान कुटुंबं होती. हिंदू-मुसलमान एका सतरंजीवर बसत होते, एवढं पुण्य बाबांच्या पदरात टाकायलाच हवं.

परातीत शाईसारखं काळंनिळं पाणी होतं. बाबांचं म्हणणं सोपं होतं. परदेशी गेलेल्या माणसाचं घर मागे राहतं, त्या घराला बाधा होते, आणि तिथल्या वास्तूचा ताप इथे माणसाला चढतो. बाबा ते घर पाण्यात दाखवत, दुखणं ओळखत आणि उपाय सांगत.

"जल सब देखता है, बच्चा," बाबा सांगत होते. "जल को न व्हिसा लगता है, न पासपोर्ट. जो पानी रत्नागिरी के कुएँ में है, वही दुबई के नल में है."

दुबईच्या नळाला समुद्राचं पाणी मीठ काढून येतं, हे समोर बसलेल्या इंजिनियरांना चांगलं ठाऊक होतं. तरी सगळ्यात जोरात माना तेच डोलवत होते.

एक नियम होता. ज्याला घर बघायचं असेल त्यानं घराचा फोटो आठ दिवस आधी बाबांच्या चरणी ठेवायचा, म्हणजे पाण्याला पत्ता सापडतो. पाण्याला जर सगळंच दिसतं तर फोटो कशाला, असं कोणी विचारलं नव्हतं. बाबा एक फिल्सही घेत नाहीत, हे मात्र प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. फुकट मिळतं तिथे आपली माणसं प्रश्न विचारत नाहीत.

त्या शुक्रवारी मात्र नवलच घडलं. बाबांनी बोट दाखवून एका मोलकरणीला पुढे बोलावलं. तिचं नाव युस्निदार. सुमात्राच्या डोंगरातली, पस्तिशीची, डोक्याला फिकट रुमाल बांधलेली. तिच्याजवळ घराचा फोटो नव्हता. असा एकही फोटो तिनं चार वर्षांत कधी बाळगला नव्हता, हे तिच्या मालकीणबाईंनी, विभावरीनं, स्वतःच मनोरमावहिनींना सांगितलं होतं.

"फोटो नाही, तर कसं हो?" कोणीतरी कुजबुजलं.

बाबा हसले. "गरीब का पता जल को याद रहता है."

त्यांनी पाण्यावर चिमूटभर पांढरी विभूती टाकली, मग एकामागून एक लिंबं पिळली आणि काठीनं पाणी ढवळलं. काळंनिळं पाणी आधी जांभळट झालं, मग फिकट, मग काचेसारखं नितळ. तळाशी पिवळ्या पाकळ्यांचं दाट कडं होतं आणि कड्याच्या आत एक घर. लाकडी खांबांवर उभं, छपराची टोकं रेड्याच्या शिंगांसारखी वर वळलेली, पुढे धान्याचं लहानसं कोठार, मागे भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. पाणी हलत होतं, म्हणून घरही हलत होतं.

"रूमा," युस्निदार म्हणाली. घर. तेवढंच. तिचा आवाज चढला नाही की पडला नाही.

दहापर्यंत आकडे मोजावेत एवढा वेळ ते घर दिसलं. मग बाबांनी परातीवर लाल कापड ओढलं. हॉलमध्ये लोकांनी तोंडात बोटं घातली. मागच्या रांगेतल्या दोन बाया रडायला लागल्या, आणि पुढच्या शुक्रवारसाठी मनोरमावहिनींच्या वहीत एकदम अकरा नावं चढली.

ते घर विभावरीनंही पाहिलं होतं. बाबांचं हिंदी युस्निदारला समजावून सांगायला ती परातीशेजारीच उभी होती. इतरांना घाम फुटला, काटा आला, तिला काहीच झालं नाही. हल्ली तिला कशानंच काही होत नसे.

विभावरी मिरजेची. लग्नानंतर पुण्यातल्या एका शाळेत तिनं अकरा वर्षं विज्ञान शिकवलं आणि नवऱ्याच्या, राजनच्या, नोकरीपायी सगळं सोडून दुबईला आली. फेब्रुवारीत मिरजेला तिचे वडील गेले. तेव्हा तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात अडकला होता. तो हातात पडला तोवर तेरावाही उरकला होता. मग जाऊन काय करायचं, असं राजन म्हणाला आणि तिलाही तसंच वाटलं. दाढ काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गाल आपला राहत नाही, तशी ती तेव्हापासून झाली होती. डबे भरत होती, मुलीचा, शुभ्राचा, अभ्यास घेत होती, फोनवर बोलत होती, आणि त्यातलं काहीही तिला लागत नव्हतं.

युस्निदारचं त्याहून वेगळं नव्हतं. तिची आई एप्रिलमध्ये गेली. मामाचं पत्र पाच आठवड्यांनी आलं. इस्त्री करता करता तिनं ते वाचलं, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि राजनचा उरलेला शर्ट पुरा केला. एकाच स्वयंपाकघरात दोन बाया, दोन सुतकं आणि रडणं कोणाचंच नाही. मनोरमावहिनींना याची कुणकुण लागली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "दोघींना एकदमच झालंय म्हणजे वास्तूचंच आहे हे. तिला घेऊन या बाबांकडे." विभावरीला हे सगळं थोतांड वाटत होतं. पण नाही म्हणायलाही अंगात थोडी धग लागते. ती तिच्यात उरली नव्हती.

बाबांनी त्याच दिवशी निदान सांगितलं. "तेरे बाप की जमीन पर साया है, बेटी. बाप की आत्मा वहीं अटकी है. तेरी माँ को ले गई. अब किसको लेगी, बोलूँ?"

युस्निदारला अकरा वर्षांची एक मुलगी होती. रेनी. ती तिकडे मामाजवळ राहत होती. विभावरीनं बाबांचं वाक्य जसंच्या तसं तिला सांगितलं. सांगताना तिला काही वाटलं नाही, हे पुढे तिला फार दिवस आठवत राहिलं.

उपाय एकच होता. जमीन हातावेगळी करायची, भाव करायचा नाही, मिळेल त्याला द्यायची. घेणाऱ्याच्या अंगावर साया जातो, म्हणून घेणारा बाबांचाच माणूस हवा, त्याला मंत्र दिलेला असतो. कागदपत्रांचं सगळं रफिकभाई बघतील. कोपऱ्यात फाइल मांडीवर घेऊन बसलेला रफिक नम्रपणे हसला. शारजातल्या रोल्ला भागात त्याचं माणसं पुरवण्याचं ऑफिस होतं. युस्निदारला चार वर्षांपूर्वी इकडे आणलं ते त्याच ऑफिसनं. इथे तो फुकट सेवा करायचा, मुखत्यारपत्रं टाइप करून आणायचा. येत्या शुक्रवारी सहीच्या आधी घराचं शेवटचं दर्शन होईल आणि मग सही, असं ठरलं.

"साजिदाचं बघा," मनोरमावहिनी निघताना म्हणाल्या. "गुहागरची काजूची बाग सोडली तिनं गेल्या महिन्यात. डोकेदुखी खलास. तिच्या नवऱ्याला, हमदुल्लाभाईंनाही प्रमोशन."

मंगळवारी दुपारी शुभ्रा शाळेतून आली ती सायन्सची वही नाचवत. सहावीतली ही मुलगी मराठी समजायची, उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायची.

"मॉम, आय नीड आयोडीन. वी हॅव टू टेस्ट फूड फॉर स्टार्च."

"औषधांच्या डब्यात आहे बघ. खरचटल्यावर लावतो ते. कपड्यांवर सांडू नकोस."

युस्निदार गच्चीवर कपडे काढायला गेली होती. ओट्यावर स्टीलच्या पातेल्यात भाताची पेज निवत होती. शुभ्रानं वाडगाभर पेज पाण्यात कालवली आणि त्यात तपकिरी औषधाचे थेंब टाकले. वाडग्यातलं पाणी बघता बघता काळंनिळं झालं.

"सी? ब्लू-ब्लॅक. मॅम सेड सो."

विभावरी भाजी चिरत होती. तिनं वाडग्याकडे पाहिलं, पुन्हा भाजीकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. हा प्रयोग तिनं अकरा वर्षं, दर वर्षी दोन-दोन तुकड्यांना करून दाखवला होता. हाच रंग परातीत तिच्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर होता आणि तिला ओळखता आला नव्हता. पुढची पायरीही ती मुलांना दाखवायची. त्यांना नवल वाटावं म्हणून ती शेवटासाठी राखून ठेवलेली असायची. तिनं फ्रिजमधून दोन लिंबं काढली आणि वाडग्यात पिळली.

तेवढ्यात कपड्यांची बादली घेऊन युस्निदार दारात आली. काळंनिळं पाणी फिकट होताना तिनं पाहिलं आणि बादली खाली ठेवून ती भिंतीला टेकली. पाणी नितळ झालं. ती हळूच पुढे झाली आणि वाडग्यात डोकावली. तळाशी स्टील होतं आणि लिंबाच्या दोन बिया.

"घर नहीं," ती म्हणाली.

"नहीं," विभावरी म्हणाली. "जादू नहीं है, युस. चावल का पानी और ये दवा मिलाओ, काला होता है. लिंबू डालो, साफ. लिंबू में व्हिटॅमिन सी है. बाबा का विभूती भी वही होगा, गोली का पावडर. परात बडी है ना, अकेला लिंबू कम पडता होगा."

युस्निदारनं बोटानं वाडग्यातल्या बिया बाजूला सारल्या. मग तिनं जो प्रश्न विचारला तो हॉलमधल्या एकाही साहेबाला सुचला नव्हता.

"पानी साफ होता है, ठीक है, माडाम. लेकिन घर किधर से आया?"

विभावरीनं शुभ्राला खोलीत पाठवलं, स्टूल ओढलं आणि तिला बसवलं. चार वर्षांत ती तिला पहिल्यांदाच तिच्या घराबद्दल विचारत होती. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

युस्निदार सांगत गेली. गाव डोंगरावर आहे. गाडीचा रस्ता संपला की दीड तास चढ. वर भाताच्या पायऱ्या, त्यांच्या कडेनं कॉफी, घरामागे माशांचं तळं आणि दालचिनीची सात झाडं. घर तिच्या आईचं, त्याआधी आईच्या आईचं. तिच्या लोकांत जमीन बाईकडून बाईकडे जाते. मामा नांगर धरू शकतो, विकू शकत नाही. आईला लेक एकच, ती म्हणजे युस्निदार. आता तिची सही झाली तरच जमीन हलणार. आणि तिच्यामागे सगळं रेनीचं.

"और तेरे पिताजी की जमीन?"

"बापा का इधर जमीन नहीं, माडाम. बापा मेहमान. शाम को आता, सुबह जाता. मर गया तो अपनी माँ के गाँव में मिट्टी दिया."

"फिर बाबा ने बोला, बाप की जमीन, बाप की आत्मा. तब तू चुप क्यों रही?"

"मैं सोची, बडा आदमी है. उसको मालूम होगा. मैं सोची, मुझे ही हिंदी नहीं समझा."

विभावरीला हसू यायला हवं होतं. पाण्यात सात समुद्रांपलीकडचं सगळं दिसणाऱ्या बाबांना एवढंच दिसलं नव्हतं, की तिकडे जमिनीवर बापाचं नावच नसतं. आपल्याकडे जमीन बापाची, म्हणजे जगात सगळीकडे बापाची, असं ते धरून चालले होते.

"घर कैसा दिखा? आज जैसा है वैसा?"

युस्निदारनं डोळे मिटले. "कोठी खडा था. धान का. वो पिछला साल बारिश में गिर गया, मामा लिखा था. मैं सोची, बाबा ने फिर खडा किया." तिनं बोटानं हवेत एक गोल काढला. "और एक पहिया था. कोने में, फूल के पास. मोटरसायकल का आधा पहिया."

"आपके घर में मोटरसायकल?"

"नहीं माडाम. गाँव में किसी का नहीं. एक ही आदमी लाया था, नीचे से धक्का मार के. एजंट. मेरा जाने का दिन." ती आता हळूहळू बोलत होती, शिवण उसवावी तशी. "वो फोटो लिया था. घर का, खेत का. बोला, तू भाग गई तो हमको मालूम चाहिए, किसके दरवाजे पे जाना. फोटो फाइल में जाता है."

फाइल रोल्लाला रफिकच्या कपाटात होती. चार वर्षांपूर्वीचा फोटो मोठा करून, प्लास्टिकमध्ये बंद करून परातीच्या तळाशी चिकटवायचा, कडेनं पाकळ्या लावायच्या, वरून पेजेचं काळं पाणी ओतायचं, झालं. आणि मामानं शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, की वरपर्यंत डांबरी रस्ता येणार म्हणून माणसं दोऱ्या घेऊन मोजून गेली. बाबा एक फिल्सही का घेत नव्हते, ते विभावरीला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

"तो सही मत कर," ती म्हणाली.

युस्निदारनं एप्रनच्या खिशातली घडी चाचपली. "बाबा झूठा है, ठीक है. लेकिन रेनी को कुछ हुआ तो? बाबा झूठा, पर मरना झूठा नहीं, माडाम."

विज्ञानाच्या तासाला असे प्रश्न कोणी विचारत नसे.

संध्याकाळी तिनं राजनला सांगितलं. राजन नाकासमोर चालणारा माणूस. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "जमीन तिची, बाबा मनोरमावहिनींचे, एजन्सी रफिकची. यात आपण कुठे येतो? उगाच पंगा नको, विभा. तिचा व्हिसा त्याच ऑफिसमधून झालाय."

"बाबा बोलले त्याचं भाषांतर मी केलं."

"मग?"

"मग काय. तेवढंच."

शुक्रवारी चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. फोटोशिवाय घर दाखवल्याची बातमी शारजापर्यंत पोचली होती. विभावरीच्या पर्समध्ये आयोडीनची बाटली, लिंबं, काचेचा वाडगा, चमचा आणि बरणीत पेज होती. शेजारी युस्निदार चालत होती. सही करणार की नाही, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि विभावरीनं पुन्हा विचारलं नव्हतं. जमीन तिची होती.

रफिकनं कागद मांडून ठेवले होते, पेनचं टोपणही काढलं होतं. बाबांनी सुरुवात केली. "जल न हिंदू, न मुसलमान. जल न अरबी, न हिंदी. आज एक बेटी का बोझ..."

"एक मिनिट, बाबाजी," विभावरी उभी राहिली.

तिचा आवाज शांत होता. वर्गात शिरल्यावर असायचा तसा. तिनं काचेचा वाडगा जमिनीवर ठेवला, पेज ओतली, औषधाचे थेंब टाकले. पाणी काळंनिळं झालं. पुढच्या रांगेनं माना उंच केल्या. तिनं लिंबं पिळली, चमच्यानं ढवळलं. पाणी नितळ झालं. "हे सहावीतल्या मुलांचं सायन्सचं प्रॅक्टिकल आहे," ती म्हणाली. "यात शक्ती नाही. कोणीही घरी करू शकतं."

आता लोकांचे डोळे उघडणार, असं तिला वाटलं असेल, तर ती आपल्या माणसांना ओळखत नव्हती. मागून एक आजीबाई उठल्या, गर्दीतून वाट काढत आल्या आणि वाकून त्यांनी विभावरीच्याच पायांना हात लावला.

"अहो, हे काय," विभावरी मागे सरली.

"देखा," बाबा क्षणभरही न अडखळता म्हणाले. "पिछले शुक्रवार परात के पास खडी थी. शक्ती उतर गई इसमें. खुद को मालूम नहीं, पागल को."

सगळीकडे टाळ्या पडल्या. मनोरमावहिनींनी डोळे पुसले. एका साहेबांनी हळूच विचारलं, विभावरीताई शनिवारी बसतील का. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विभावरी वाडग्याशेजारी नुसती उभी राहिली. तिच्या अंगातली जी काय धग मंगळवारपासून गोळा झाली होती, तीही विझत चालली.

बाबांनी विभूती टाकली, लिंबं पिळली आणि परातीतलं पाणी उजळलं. तळाशी शिंगांच्या छपराचं घर उभं राहिलं. "देख ले, बेटी. आखिरी बार. फिर सही."

युस्निदार परातीपाशी गुडघे टेकून बसली. ती वाकून एका कोपऱ्याकडे बघत होती, जिथे पाकळ्यांना लागून अर्धं चाक दिसत होतं. मग तिनं उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली, जशी ती रोज भांडी घासताना सारायची.

"हाथ नहीं," बाबांचा आवाज एकदम चढला. "जल को हाथ नहीं लगाना. अंधी हो जाएगी."

तिनं हात पाण्यात घातला. अंगठ्याच्या नखानं तळाशी काहीतरी उचकटलं आणि ओढलं. चर्र आवाज करत तिचं घर परातीतून बाहेर आलं. पाणी निथळणारं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, मागच्या बाजूला चिकटपट्टी लोंबणारं.

युस्निदारनं ते कागदासारखं घर मांडीवर घेतलं आणि कडेच्या पाकळ्या एकेक करून खरवडायला लागली. त्या कापडाच्या होत्या, गोंदानं लावलेल्या. एका बाजूच्या पाकळ्या निघाल्या तशी अख्खी मोटरसायकल दिसली. मग तिनं दुसरी बाजू खरवडली. तिथे घराच्या जिन्याची खालची पायरी होती आणि पायरीवर खांबाला धरून एक म्हातारी बाई उभी होती. लेक परदेशी निघाली तेव्हा फोटोत येऊ की नको अशा बेतानं उभी राहिलेली. बाबांच्या कामाची नव्हती, म्हणून ती पाकळ्यांखाली गेली होती.

युस्निदारनं ओल्या अंगठ्यानं तिचा चेहरा पुसला. "अमाक," ती म्हणाली. आई.

आणि मग ती रडली. तीन महिन्यांचं सगळं त्या हॉलमध्ये, पन्नास अनोळखी माणसांपुढे, तोंडाला पदर की रुमाल न लावता. विभावरी तिच्याशेजारी खाली बसली आणि तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ हलत होती आणि विभावरीच्या डोळ्यांपुढे मिरजेच्या दवाखान्यातली एक खाट आली, जी तिनं पाहिलीच नव्हती. इंजेक्शनचा असर उतरतो तेव्हा आधी झिणझिण्या येतात आणि मग दुखायला लागतं. तिला दुखायला लागलं. ती तिथेच रडली.

त्या गडबडीत बाबा हात धुवायला म्हणून आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारानं जिना उतरले. रफिकचे कागद सतरंजीवरच राहिले. ते युस्निदारनं घडी करून विभावरीकडे दिले, विभावरीनं राजनला. राजननं ते घरी वाचले आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून शिवी ऐकू आली. दुसऱ्या दिवशी तो स्वतः युस्निदारला तिच्या देशाच्या कॉन्सुलेटमध्ये घेऊन गेला, आणि आपण समक्ष येऊन सही न केलेला कोणताही कागद खरा धरू नये, असं तिनं तिथे लिहून दिलं. व्हिसासाठी रफिकच्या ऑफिसात ठेवलेला तिचा पासपोर्टही त्यानं परत आणून तिच्या हातात दिला. चार वर्षांत तो तिच्या हातात पहिल्यांदाच पडला होता.

सगळं असं सरळ झालं नाही. शनिवारी दुपारी साजिदा आली. ती बसली नाही, दारातच उभी राहिली.

"माझी सही झाली ना, विभाताई," ती म्हणाली. "बागेचा फोटो मीच नेऊन दिला होता. माझ्याच हातानं."

"वकील बघू आपण. हमदुल्लाभाई काय म्हणतात?"

"परवाच्या विमानानं जातायत. पण गावावरून फोन आला. झाडं तोडायला घेतली." ती शांत होती. "डोकेदुखी गेली होती हो. खरंच गेली होती. ती कशानं गेली असेल?"

आपलं दुखणं कोणीतरी ऐकून घेतलं की अर्धं कमी होतं, एवढं विभावरीला आता ठाऊक होतं. पण त्यासाठी बाग द्यावी लागत नाही.

मनोरमावहिनींच्या हॉलमध्ये सोफे परत आले. जलदर्शनबाबा रोल्लाला कोणाकडे तरी बसतात, असं मध्यंतरी कानावर आलं. तिथे परातीवर आता काच बसवली आहे म्हणे. एका मोलकरणीच्या हातानं जल विटाळलं, म्हणून ही काळजी. लोक येतात. फोटो आठ दिवस आधी द्यावा लागतो.

युस्निदारच्या आईचा फोटो विभावरीच्या स्वयंपाकघरात इस्त्रीच्या टेबलावर टेकवलेला आहे. डिसेंबरात तो घेऊन ती रजेवर गावी जाणार आहे. रेनी ठणठणीत आहे, तिचं पत्र आलं. कोठार पुन्हा बांधायचं आहे, असं ती लिहिते.

गोष्ट एवढीच. दूर राहणाऱ्या माणसाला घर दिसावंसं वाटतं, गेलेली माणसं दिसावीशी वाटतात. यात वेडेपणा नाही आणि कमीपणाही नाही. म्हणूनच त्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारे जगात कुठेही भेटतील. शिकलेला माणूस त्यांना फसतो, विज्ञान शिकवणाराही मन बधिर असलं की फसतो. तेव्हा कोणी तुमच्यापुढे परात मांडली आणि आत तुमचं घर दाखवलं, तर नमस्कार जरा थांबवा. बाही वर करा आणि हात घालून बघा. चमत्कार खरा असेल तर त्याचं काही बिघडणार नाही. खोटा असेल तर तुमचं घर तुमच्या हातात येईल.